घडीची ट्रेकिंग काठी घेताय? आधी सांधा बघा, मग किंमत

अकोले : पावसाळा लागला की कळसूबाई, रतनगड, हरिश्चंद्रगडाकडे शनिवार-रविवारी गाड्यांची रीघ लागते. मुंबई-पुण्याकडून येणाऱ्या पोरांच्या पाठपिशवीला हल्ली एक वस्तू हमखास लटकलेली दिसते, तीन तुकड्यांत दुमडलेली काठी. ती बघून आपल्याकडची गाईड मुलंही विचारतात, ही घ्यावी का? आपल्या बांबूच्या काठीत काय वाईट आहे?

प्रश्न रास्त आहे. पाहुणा वर्षातून दोन-चार वेळा गड उतरतो. गाईड हंगामात आठवड्याला दोन-तीन वेळा उतरतो, तेही पाठीवर पाहुण्याचं सामान घेऊन. आधी कोणाचे गुडघे बोलायला लागणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

काठीचा खरा उपयोग उतारावर

काठी चढताना दम वाचवते असं बऱ्याच जणांना वाटतं. थोडाफार वाचवते, पण तिचं खरं काम उतारावर आहे. उतरताना प्रत्येक पावलाला शरीराचा भार गुडघ्यावर आदळतो, आणि पाठीवर ओझं असेल तर जास्तच. ऑस्ट्रियातल्या साल्झबर्गच्या संशोधकांनी १९९९ मध्ये २५ अंशांच्या उतारावर माणसांना दोन काठ्या घेऊन आणि काठ्यांशिवाय चालायला लावून मापं घेतली. काठ्या घेतल्यावर गुडघ्यावरचा भार १२ ते २५ टक्क्यांपर्यंत कमी भरला. प्रयोग थोड्याच लोकांवर झाला होता, तेव्हा आकडा अगदी घट्ट धरून बसू नका. पण दिशा स्पष्ट आहे.

कळसूबाई १६४६ मीटर उंच, राज्यातलं सर्वांत उंच शिखर. बारी गावातून वर जायचं म्हणजे सुमारे आठशे मीटरची चढाई, आणि तेवढाच उतार. घसरणं, पाय मुरगळणं हे प्रकार जास्त करून उतरतानाच होतात. कारण तेव्हा मांड्या थकलेल्या असतात, घरी जायची घाई असते आणि दुपारच्या पावसाने वाट निसरडी झालेली असते.

बांबू वाईट नाही, पण शिडीवर अडतो

गडाच्या पायथ्याला अनेक ठिकाणी बांबूची काठी मिळते. वर्षातून एकदा नवरात्रात कळसूबाईच्या दर्शनाला जाणाऱ्याने हजारो रुपयांची काठी घ्यायची काहीच गरज नाही. बांबू स्वस्त आहे, मजबूत आहे आणि मोडला तर चुलीत जातो.

अडचण येते ती शिडीवर. कळसूबाईला लोखंडी शिड्या आहेत, रतनगडालाही रतनवाडीकडून चढताना शिड्या आहेत. शिडीवर दोन्ही हात मोकळे पाहिजेत. लांब काठी धड पाठीवर बसत नाही, मग लोक काय करतात? एका हातात काठी आणि एकाच हाताने शिडी धरून उतरतात. नाही तर वरून काठी खाली टाकून देतात. खाली रांगेत माणसं उभी असतात, त्यात लहान मुलं असतात. वरून सुटलेली काठी कोणाच्या डोक्यात बसेल याचा नेम नाही. घडीची काठी घ्यायचं आपल्याकडचं सर्वांत मोठं कारण हे आहे. अर्ध्या मिनिटात तिची घडी होते, पिशवीत जाते आणि दोन्ही हात शिडीला मिळतात.

'फोल्डिंग' म्हणून दोन वेगळ्या वस्तू विकतात

ऑनलाइन बघायला गेलात तर 'फोल्डिंग' या एकाच नावाखाली दोन प्रकार येतात. ते आधी वेगळे ओळखा.

पहिला प्रकार सरकत्या काठीचा. छत्रीच्या दांड्यासारखी नळीत नळी जाते. मिटल्यावरही ती साधारण ६० ते ६५ सेंटिमीटर लांब राहते, म्हणजे लहान पिशवीतून बाहेर डोकावतेच. ही घट्ट करायचे दोन मार्ग आहेत. एकात नळी पिळायची, दुसऱ्यात बाहेरची खिटी दाबून बसवायची. पिळायच्या काठीत आतली प्लास्टिकची फुगणारी गुंडी झिजते, तिच्यात पाणी-चिखल जातो, आणि मग कितीही पिळा, भार दिला की काठी हळूच आखूड होते. आपल्याकडच्या पावसात खिटीवाली बरी. खिटी सैल पडली तर तिच्या बाजूचा छोटा स्क्रू अर्धा फेरा आवळायचा, काम झालं.

दुसरा प्रकार खऱ्या घडीच्या काठीचा. यात तीन तुकडे असतात आणि त्यांच्या पोटातून एक मजबूत दोरी किंवा प्लास्टिकचं आवरण असलेली तार गेलेली असते. घडी केल्यावर तुकडे एकमेकांशेजारी पडतात आणि लांबी ३५ ते ४० सेंटिमीटरच उरते. उघडायची असेल तर मूठ वर धरायची आणि खालचे तुकडे मोकळे लोंबू द्यायचे. मग मुठीखालची नळी खाली ओढायची. तार ताणली जाते, तुकडे एकमेकांत बसतात आणि एक बारीक खटका 'टक' करून बाहेर येतो. मिटताना तोच खटका दाबायचा.

हा खटका आणि तुकड्यांचे सांधे म्हणजेच ही काठी. बाकी सगळी सजावट. खटका अर्धाच बाहेर आला असेल तर काठी उभी दिसते, पण भार टाकला की मधेच बसते. सपाटीवर असं झालं तर हसण्यावारी जाईल. उतारावर झालं तर माणूस तोंडावर आपटतो, कारण त्याने सगळा विश्वास काठीवर टाकलेला असतो.

म्हणून दुकानात काठी हातात आली की किमतीची चिठ्ठी नंतर वाचा. आधी काठी उघडा, खटका पूर्ण बाहेर आलाय का ते बोटाने चाचपा. मग टोक जमिनीवर टेकवून दोन्ही हातांनी मुठीवर निम्मं वजन टाका. एक इंचही खाली जाता कामा नये. नंतर काठी आडवी धरून हलवा. सांध्यात खुळखुळ वाजत असेल, तुकडा डावीकडे-उजवीकडे लुकलुकत असेल तर परत ठेवून द्या. दहा वेळा उघडझाप करा. दुकानदार तोंड वाकडं करेल, करू दे. ऑनलाइन मागवली असेल तर परत करायची मुदत संपायच्या आत घरीच हीच परीक्षा घ्या, आणि पार्सल उघडतानाचा व्हिडिओ काढून ठेवा.

ॲल्युमिनियम की कार्बन?

आमचं स्पष्ट मत, आपल्या डोंगरांसाठी ॲल्युमिनियम. कार्बनची काठी हलकी असते, जोडीमागे शंभर-दीडशे ग्रॅमचा फरक पडतो. पण आपल्या वाटा दगडांच्या खाचांच्या आहेत. टोक दोन दगडांत अडकलं आणि माणूस पुढे गेला की काठीवर आडवा जोर येतो. ॲल्युमिनियम अशा वेळी वाकतं, आणि वाकलेल्या काठीवर निदान खाली तरी येता येतं. कार्बन आधी काही न सांगता तुटतो. पिशवीत आपटून आत बारीक तडा गेला असेल तर तोही वरून दिसत नाही. सातशे रुपयांत 'प्युअर कार्बन' देतो म्हणणाऱ्याकडे तर बघूच नका.

आत स्प्रिंग असलेल्या 'अँटी-शॉक' काठ्याही बाजारात भरपूर आहेत. वजन वाढतं, आवाज वाढतो आणि भार टाकताना काठी थोडी दबत असल्याने पाय नेमका कधी टेकला तेच कळत नाही. तीनशे-चारशे रुपयांच्या वाकड्या मुठीच्या काठ्या बहुधा याच जातीच्या असतात. धड खटक्याची ॲल्युमिनियमची घडीची जोडी साधारण दीड ते साडेतीन हजारांत येते. तेवढे पैसे नसतील तर त्यापेक्षा कमी किमतीत खिटीवाली सरकती जोडी मिळते, ती घ्या. स्वस्तातली घडीची काठी मात्र घेऊ नका. सरकती काठी स्वस्त असली तरी चालून जाते, पण घडीच्या काठीत स्वस्ताई थेट सांध्यात उतरते.

मूठ फोमची असावी. नुसती रबराची मूठ घामाने चिकट होते आणि तळहाताला फोड येतात. बुचाची मूठ हाताला छान बसते, पण महाग पडते.

लांबी किती?

पायात बूट घालून सरळ उभे राहा. काठीचं टोक जमिनीवर टेकवून मूठ धरली की कोपर काटकोनात यायला हवं. काठी अजून घेतली नसेल तर घरातला झाडूचा लांब दांडा तसा धरा आणि मुठीपासून जमिनीपर्यंत टेप लावा. ढोबळ हिशेब असा: पाच फूट उंचीला १०५ सेंटिमीटर, पाच फूट तीन इंचांना ११०, साडेपाच फुटांना ११५, पावणेसहा फुटांना १२० आणि सहा फुटांना १२५.

घडीच्या काठीत इथे एक मेख आहे. काही काठ्यांची लांबी ठरलेली असते, कमी-जास्त होतच नाही. काहींना वरच्या तुकड्यावर एक खिटी असते, तिने पंधरा-वीस सेंटिमीटर फरक करता येतो. चार पैसे जास्त गेले तरी ही दुसरी घ्या. कारण सलग चढावर काठी पाच-दहा सेंटिमीटर आखूड हवी, नाही तर खांदे भरून येतात. सलग उतारावर तेवढीच लांब हवी, नाही तर पुढे वाकावं लागतं, आणि उतारावर पुढे वाकलेला माणूस आधीच अर्धा पडलेला असतो. शिवाय खिटी असली की घरातली दोन माणसं एकच जोडी वापरू शकतात.

हातात कशी धरायची

मुठीच्या पट्ट्यात हात वरून घालू नका, खालून घाला. हात पट्ट्याच्या खालून वर न्यायचा आणि मग पट्टा व मूठ दोन्ही एकत्र धरायची. असं केलं की भार मनगटावरच्या पट्ट्याला जातो आणि मूठ आवळून धरावी लागत नाही. बोटं दुखत असतील तर समजा तुम्ही काठी गळा आवळल्यासारखी धरली आहे.

चालताना उजवा पाय पुढे, तेव्हा डावी काठी पुढे. मुद्दाम मोजायला गेलात तर गोंधळ होईल. काठ्या हातात नुसत्या लोंबू देत पन्नास पावलं चाला, हात आपोआप ताल धरतात, मग टेकवायला लागा. चढावर काठी पायाच्या बाजूला किंवा जरा मागे टेकवून अंग वर ढकलायचं. लांब पुढे रोवून स्वतःला ओढत न्यायचं नाही. उतारावर मात्र उलटं, आधी काठी खालच्या पायरीवर, मग पाऊल. आणि पूर्ण भार एकाच काठीवर कधीच नाही. ती आधार आहे, तिसरा पाय नव्हे.

दोन काठ्या घ्याव्या की एक? स्वतःसाठी चालणाऱ्याने दोन. गाईडने मात्र एकच हातात ठेवावी, त्याचा दुसरा हात पाहुण्याला द्यायला मोकळा लागतो.

कुठे मिटवून ठेवायची

हे कळलं नाही तर काठीच घात करते. शिडी आली की घडी करा, यात वाद नाही. साम्रदच्या सांधण दरीत मोठमोठ्या धोंड्यांवरून हात टेकत जावं लागतं, तिथे काठ्या पिशवीतच बऱ्या. हरिश्चंद्रगडाला कोकणातल्या बेलपाड्याकडून नळीच्या वाटेने येणाऱ्यांनी आणि अलंग-मदन-कुलंग करणाऱ्यांनीही कातळाला हात घालायची वेळ आली की काठी हातात ठेवू नये. साधा नियम सांगायचा तर, जिथे हात लागतो तिथे काठी नको.

खडकाळ उतारावर, जिथे टोक खाचेत अडकू शकतं, तिथे मनगटातले पट्टे काढून टाका. काठी अडकली तर ती सुटून गेलेली परवडते, मनगट पिळवटलेलं परवडत नाही. काठी पिशवीला बाहेरून लावायची असेल तर टोकं खाली आणि टोपणं घातलेली असू द्या. शिडीवर मागच्या माणसाचा चेहरा तुमच्या पिशवीजवळ येतो.

विजा चमकायला लागल्या तर शिखरावर, उघड्या धारेवर थांबू नका, खाली सुटा. पिशवीला उभी बांधलेली आणि डोक्याच्या वर निघालेली धातूची काठी अशा वेळी काढून आडवी ठेवा.

टोपण, चकती आणि शेताचा बांध

काठीच्या टोकाला कडक धातूचा दाणा असतो, त्यावर रबरी टोपण बसतं. डांबरी रस्ता, सिमेंटच्या पायऱ्या आणि कोरड्या कातळावर टोपण ठेवा. चिखल, मुरूम, गवताळ उतारावर काढा. शेवाळ धरलेल्या ओल्या कातळावर मात्र ना रबर टिकतं ना धातू, तिथे पावलंच जपून टाकायची. रतनवाडीचं अमृतेश्वर किंवा गडावरचं हरिश्चंद्रेश्वर, अशा जुन्या दगडी मंदिरांच्या आवारात टोपण घालूनच जा. धातूच्या टोकाने कोरीव दगडावर ओरखडे उठतात.

टोकाच्या वरची गोल चकती लोक निरुपयोगी समजून काढून टाकतात. ती असू द्या, तिच्यामुळे काठी चिखलात हातभर रुतत नाही.

आणि एक गोष्ट गाईड मंडळींनी पाहुण्यांना आवर्जून सांगावी. भातखाचरांच्या बांधावरून जाताना काठ्या उचलून धरा. शंभर माणसं एका बांधावर टोकं टोचत गेली की बांधाला भोकं पडतात, खाचरातलं पाणी पाझरतं आणि शेतकऱ्याला पुन्हा चिखल थापत बसावं लागतं. वाटेवरून भांडणं होतात ती अशाच गोष्टींनी.

ओढा ओलांडताना

पावसात पाचनईच्या बाजूला काय किंवा रतनगडाच्या वाटेवर काय, ओढे आडवे येतातच. इथे काठी खरी कामाला येते. तोंड पाण्याच्या येणाऱ्या दिशेला थोडं तिरपं, काठी त्याच अंगाला टेकलेली, आणि एका वेळी एकच गोष्ट हलवायची, काठी किंवा पाय. तळ आधी काठीने चाचपायचा. मनगटाचे पट्टे काढलेले आणि पिशवीचा कमरेचा पट्टा सोडलेला असावा, म्हणजे पाय निसटला तर ओझं टाकून देता येतं. पाणी गुडघ्याच्या वर आणि ओढ असलेलं असेल तर दोन काठ्या असल्या काय नि चार असल्या काय, थांबायचं. डोंगरातला ओढा पाऊस थांबल्यावर उतरायलाही वेळ लावत नाही.

घरी आल्यावर

पावसातून आलेली काठी तशीच घडी करून कोपऱ्यात टाकली तर पुढच्या खेपेला खटका अडकणारच. सांधे मोकळे करून साध्या पाण्याने धुवा, फडक्याने पुसा आणि सावलीत रात्रभर सुटी ठेवा. सांध्याला तेल, ग्रीस काही लावू नका. त्याला माती चिकटते, आणि सरकत्या काठीत तर पकडच जाते. तार सैल झाल्यासारखी वाटली तर बऱ्याच काठ्यांत ती ताणायला स्क्रू दिलेला असतो, सोबतच्या चिठ्ठीत त्याची जागा दाखवलेली असते. ती चिठ्ठी फेकू नका. रबरी टोपणं तर हमखास हरवतात, दोन-चार जादा घेऊन ठेवा.

घरगुती मुक्कामाची सोय करणाऱ्यांना भाड्याने द्यायलाही या काठ्या चालतील. समजा जोडी अडीच हजारांची घेतली आणि दिवसाला शंभर रुपये भाडं लावलं, तर पंचवीस वेळा गेली की पैसे फिटले. भाड्याला मात्र लांबी बदलता येणारीच घ्या आणि मुठीवर रंगाची खूण करा. देताना पाहुण्यासमोर खटका तपासून, भार टाकून दाखवा. परत घेताना टोपणं मोजा. ज्याचा तोल एरवीही जातो अशा वयस्कर माणसाला ही काठी देऊ नका. त्यांच्यासाठी डॉक्टर सांगतात ती रुंद बुडाची आधारकाठीच योग्य.

वर असतानाच सांध्यात मोडली तर? गाईडच्या पिशवीत चिकटपट्टी असतेच. करवीची नाही, चांगल्या वाळक्या बांबूची वीतभर कांब मोडलेल्या जागेला दोन्ही बाजूंनी लावायची आणि चिकटपट्टी घट्ट गुंडाळायची. त्या काठीवर भार टाकायचा नाही, नुसता तोल सावरायला धरायची, आणि चांगली काठी दरीच्या बाजूच्या हातात ठेवायची.